सोनौलीचा नाका: नेपाळला रस्त्याने जाता-येताना कस्टमची तपासणी

काशी, प्रयाग, अयोध्या उरकली की आपल्याकडच्या यात्रेची बस बहुतेक वेळा गोरखपूरमार्गे नेपाळकडे वळते. पशुपतिनाथ, मुक्तिनाथ आणि जाताजाता लुंबिनी. गोरखपूरपासून साधारण शंभर किलोमीटरवर, उत्तर प्रदेशच्या महाराजगंज जिल्ह्यात सोनौली आहे. पलीकडे नेपाळचं बेलहिया आणि तिथून तीन-चार किलोमीटरवर भैरहवा. १९५०च्या भारत-नेपाळ करारामुळे आपल्याला व्हिसा लागत नाही, पासपोर्टही सक्तीचा नाही. त्यामुळे बऱ्याच जणांना ही सीमा म्हणजे जरा मोठा टोलनाका वाटतो. माणसांपुरतं ते खरंही आहे. मालाचं तसं नाही. बॅगेतली नवी वस्तू, खिशातली नोट आणि तुमची गाडी, तिघांनाही वेगवेगळे कायदे लागतात, आणि दोन्ही बाजूंचे वेगवेगळे.

विमानाने काठमांडूला जाऊन आलेल्या मेहुण्याचा अनुभव इथे कामाला येत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. का, ते परतीच्या भागात येईल.

बॅग भरताना

तपासणारा माणूस बॅग उघडतो तेव्हा तो मनात एकच वाटणी करत असतो: वापरलेलं की नवं? घातलेले कपडे, अर्धवट संपलेली टूथपेस्ट, चुरगळलेला टॉवेल यांच्याकडे त्याचा हात थांबत नाही. थांबतो तो वेष्टनातल्या वस्तूवर, किमतीची चिठ्ठी लोंबणाऱ्या साडीवर, एकाच प्रकारच्या पाच डब्यांवर. म्हणून जाताना नवे कपडे घ्यायचे असतील तर चिठ्ठ्या काढा, एकदा धुऊन घ्या. कोणाला भेट म्हणून काही न्यायचं असेल तर एखादीच वस्तू न्या आणि तिचं बिल जवळ ठेवा. भारतातून आणलेल्या शंभर नेपाळी रुपयांवरच्या सामानावर जकात घेण्याचा नियम नेपाळने २०२३मध्ये कडकपणे राबवायला घेतला आणि त्यावरून सीमेवरच्या गावांत बरीच बोंबाबोंब झाली. शंभर नेपाळी म्हणजे आपले साडेबासष्ट. हा बडगा मुख्यतः रोज ये-जा करून बाजार आणणाऱ्या स्थानिकांवर असतो, यात्रेकरूच्या लाडवांच्या डब्यावर नाही. पण बेलहियाच्या रांगेत पुढची बाई साखरेच्या पिशवीवरून हुज्जत घालताना दिसली तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

औषधांकडे मात्र नीट लक्ष द्या, विशेषतः बरोबर आई-वडील असतील तर. कोडीनचं खोकल्याचं औषध, ट्रामाडॉल, नायट्राझेपाम, अल्प्राझोलाम यांची या सीमेवरून नशेसाठी तस्करी होते आणि जवानांची नजर त्यावर बसलेली असते. बाबांची झोपेची गोळी कदाचित याच यादीतली असेल. गोळ्या मूळ पाकिटातच असू द्या. सकाळ-दुपार-संध्याकाळच्या खणांचा प्लास्टिकचा डबा घरी सोयीचा असतो, इथे तो प्रश्न वाढवतो. डॉक्टरांची चिठ्ठी अलीकडची हवी, तिच्यावर औषधाचं नाव वाचता यावं आणि गोळ्या प्रवासापुरत्याच असाव्यात.

ड्रोन घरी ठेवा. नेपाळात परवानगीशिवाय तो उडवता येत नाही, आणि भारतात ड्रोन आयात करण्यावर २०२२पासून बंदी असल्याने परतताना ‘हा माझाच, इथूनच नेला होता’ हे पटवत बसावं लागतं. अन्नपूर्णा किंवा एव्हरेस्ट बेस कॅम्पचा ट्रेक करणाऱ्यांनी सॅटेलाइट फोन आणि उपग्रहावरून संदेश पाठवणारी यंत्रं आपल्याबरोबर भारतात आणू नयेत. विनापरवाना असं यंत्र बाळगणं भारतात गुन्हा आहे आणि त्यापायी गिर्यारोहकांना पोलीस ठाण्यात बसावं लागलेलं आहे. नेपाळात भाड्याने घेतलं असेल तर तिथेच परत करा.

कॅमेरा, लॅपटॉप, भारी लेन्स असं काही नेत असाल तर बिलाचा फोटो मोबाइलमध्ये हवाच. खरोखर महागडं सामान असेल तर जाताना भारतीय कस्टमच्या कार्यालयात ते दाखवून निर्यात प्रमाणपत्र मागता येतं. त्यावर वस्तूचा नंबर लिहिलेला असतो आणि परतताना ‘ही नेपाळात घेतली’ असं कोणी म्हणू शकत नाही. बहुतेक जण कंटाळा करतात. एका मोबाइलसाठी माझंही मत कंटाळा करा असंच आहे, पण लग्नाचं शूटिंग करायला निघालेल्या फोटोग्राफरने तो करू नये. दागिन्यांचं म्हणाल तर अंगावर मंगळसूत्र आणि रोजचं तेवढंच. या पट्ट्यात सोन्याची तस्करी नेहमीची आहे, त्यामुळे डब्यात ठेवलेला हार कोणालाही सरळ दिसत नाही.

ओळखपत्र

पासपोर्ट असेल तर तोच घ्या. नसेल तर निवडणूक ओळखपत्र. आधार कार्डावर भिस्त ठेवून निघणारे खूप आहेत. गृह मंत्रालयाच्या नियमानुसार ते १५ वर्षांखालच्या आणि ६५ वर्षांवरच्या लोकांपुरतंच मान्य आहे. मधल्या वयाच्या माणसाला आधारवर सोडलं जातं असं प्रत्यक्षात दिसतं, पण अडवलं तर तुमच्याकडे उत्तर नसतं. १५ ते १८ मधल्या मुलांसाठी शाळेच्या मुख्याध्यापकांचं ठरावीक नमुन्यातलं ओळखीचं पत्र लागतं. मे महिन्याच्या सुट्टीत शाळा बंद होण्याआधीच ते घेऊन ठेवावं.

कुटुंबातलं कोणी अमेरिकन किंवा ब्रिटिश पासपोर्टवर असेल, मग ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं) असो वा नसो, तर त्यांचा मामला निराळा. त्यांना नेपाळचा व्हिसा लागतो आणि भारतातून निघाल्याचा व नेपाळात शिरल्याचा असे दोन्ही शिक्के मारून घ्यावे लागतात. आजूबाजूने माणसं, रिक्षा, सायकली न थांबता जात असतात, त्या ओघात इमिग्रेशनचं कार्यालय सहज मागे पडतं. मग नेपाळात पोहोचलेल्या भाच्याला शिक्क्यासाठी उलटं पाठवावं लागतं.

खिशातल्या नोटा

भारताच्या नियमाप्रमाणे १०० रुपयांपर्यंतच्या नोटा नेपाळला कितीही नेता येतात आणि त्यावरच्या नोटा २५ हजारांपर्यंत. नेपाळने मात्र डिसेंबर २०१८पासून १००च्या वरच्या भारतीय नोटांवर बंदी घातली होती. ती पुढे सैल होत गेली तरी दुकानदारांच्या मनातून गेलेली नाही; पाचशेची नोट पुढे केली की हात आखडतो. म्हणून गोरखपूरच्या बँकेतून किंवा घरूनच शंभराच्या नोटांची गड्डी घ्या. ती पोटाच्या पट्ट्यात, सॉक्समध्ये, पिठाच्या डब्यात लपवू नका. लपवलेली रक्कम कायदेशीर असली तरी सापडल्यावर तिचा खुलासा करण्यात तास जातो.

दर १९९३पासून ठरलेला आहे: १०० भारतीय रुपयांचे १६० नेपाळी. नाक्यावरचे पैसे बदलणारे यातून थोडं कापतात. कोणी १६०च्या वर देऊ लागला तर नोटा तिथेच उजेडात मोजून घ्या. २०२४पासून नेपाळात बऱ्याच दुकानांत आपलं यूपीआय फोनपे नावाच्या नेपाळी जाळ्याच्या क्यूआरवर चालतं (आपल्या फोनपे ॲपचा त्याच्याशी संबंध नाही), पण त्यासाठी मोबाइलला इंटरनेट हवं, आणि आपलं सिम सीमेपासून थोडं आत गेलं की मुकं होतं.

जाताना कोण कोण तपासतं

पहिले भेटतात सशस्त्र सीमा बलाचे जवान. ओळखपत्र बघतात, कुठे चाललात विचारतात, संशय आला तर बॅग उघडायला सांगतात. बरोबर कुत्राही असतो. नंतर भारतीय कस्टम, पांढरा गणवेश. जाणाऱ्या यात्रेकरूकडे ते फारसं बघत नाहीत. मग सीमेवरची कमान ओलांडली की नेपाळचे पोलीस आणि भन्सारवाले. कस्टमला नेपाळीत भन्सार म्हणतात आणि हा शब्द पुढे दिवसभर ऐकू येतो.

चालत किंवा रिक्षाने जाणाऱ्याचं काम पाच-दहा मिनिटांत होतं. सामानासह रिक्षात बसला असाल तर तपासणीच्या वेळी खाली उतरा आणि बॅग स्वतः उघडा. रिक्षावाल्याला ‘तू बघून घे’ म्हणू नका. त्याच्या सीटखाली दुसऱ्या कोणाची पिशवी असू शकते. याच कारणाने, रांगेत उभं असताना कोणी गरीब चेहरा करून ‘एवढी पिशवी पलीकडे न्याल का’ म्हणालं तर सरळ नाही म्हणा. पिशवीत लसूण असेल, सुपारी असेल किंवा आणखी काही. या पट्ट्यात किरकोळ दिसणारा माल पैसे घेऊन पलीकडे पोहोचवणारे, म्हणजे ‘कॅरिअर’, दिवसभर ये-जा करत असतात आणि पकडला जातो तो पिशवी हातात असलेला माणूस.

बाहेर दलाल घेरतात. ‘भन्सार करून देतो, फॉर्म भरून देतो, साहेब ओळखीचे आहेत.’ चालत जाणाऱ्या भारतीयाला कुठलाही फॉर्म भरायचा नसतो, त्यामुळे त्याने दलालाकडे बघायचीही गरज नाही.

स्वतःची गाडी असेल तर

पुण्या-नाशिकहून स्वतःच्या गाडीने जाणाऱ्यांची संख्या आता चांगलीच आहे. भारतीय नंबरची गाडी नेपाळात न्यायची तर भन्सार कार्यालयात दिवसाच्या हिशेबाने पैसे भरून तात्पुरता परवाना घ्यावा लागतो. दुचाकीचा दर कमी, चारचाकीचा जास्त. दर अधूनमधून बदलतात, तेव्हा खिडकीवर विचारा आणि छापील पावतीवरच्या आकड्याइतकेच पैसे द्या. पावतीपेक्षा वरचे पन्नास-शंभर ‘चहापाणी’ म्हणून मागितले तर हसून पुन्हा पावतीकडे बोट दाखवावं. दरवेळी चालतं असं नाही, पण बऱ्याचदा चालतं.

लागणारे कागद: आरसी बुक, चालवणाऱ्याचं लायसन्स, विमा, पीयूसी, ओळखपत्र. सगळ्यांच्या दोन-तीन झेरॉक्स. मोबाइलमधली डिजिलॉकरची प्रत आपल्याकडच्या हवालदाराला चालते, नेपाळच्या खिडकीवर मूळ कागद काढावा लागतो. गाडी भावाच्या किंवा कंपनीच्या नावावर असेल तर त्यांचं अधिकारपत्र हवं. विम्याबाबत एक गोष्ट एजंट आपणहून सांगत नाही: आपली नेहमीची पॉलिसी भारतापुरती असते. नेपाळसाठी भौगोलिक क्षेत्र वाढवून घ्यावं लागतं आणि त्याचा वेगळा हप्ता भरावा लागतो. निघण्याच्या आठवडाभर आधी ते करून घ्या.

परवाना किती दिवसांचा घ्यायचा? जितके दिवस ठरवलेत त्यापेक्षा दोन जास्त. शिरण्याचा आणि बाहेर पडण्याचा असे दोन्ही दिवस मोजले जातात, आणि पावसाळ्यात नारायणघाट-मुग्लिन रस्त्यावर किंवा बुटवलहून पोखऱ्याला जाणाऱ्या घाटात दरड कोसळली की आख्खा दिवस गाडीतच जातो. जास्तीच्या दोन दिवसांचे पैसे मुदत उलटल्यावरच्या दंडापुढे काहीच नाहीत. एका वर्षात एका गाडीला एकूण ३० दिवसांची मर्यादा आहे. पावती मिळाल्यावर तिथेच उभं राहून गाडीचा नंबर, नाव आणि शेवटची तारीख ताडून पाहा. तारीख विक्रम संवतात असेल तर मोबाइलवर बदलून बघा. नेपाळी महिना आणि आपला महिना यांच्या गोंधळात लोक मुदत चुकवतात. परतताना रक्सौल किंवा दुसऱ्या नाक्याने बाहेर पडणार असाल तर ते परवाना काढतानाच सांगा. बाहेर पडताना हा कागद भन्सारमध्ये दाखवून नोंद बंद करून घ्यायची असते. ती न करता निघून आलात तर कागदोपत्री तुमची गाडी अजून नेपाळातच आहे.

यात्रा कंपनीची बस

आचारी बरोबर घेऊन निघणाऱ्या आपल्या यात्रा बसचा डिकीतला संसार बघण्यासारखा असतो: शेगडी, सिलिंडर, तेलाचे डबे, तांदूळ-डाळीची पोती, पोहे, गोडा मसाला, लोणच्याची बरणी. भन्सारवाल्याला यातलं काय ‘स्वयंपाकाचं’ आणि काय ‘विक्रीचं’ हे बघून कळत नाही. म्हणून आचाऱ्याने दोन गोष्टी कराव्यात. पहिली, पोती आणि डबे गोरखपूरलाच उघडून वापरात आणावेत; सीलबंद पंधरा किलोचे तीन डबे दुकानाच्या मालासारखे दिसतात, एक उघडा डबा स्वयंपाकघराचा वाटतो. दुसरी, प्रवाशांची यादी आणि शिधासामानाची यादी एकाच कागदावर टाइप करून, शिक्का मारून तयार ठेवावी. चाळीस माणसं, बारा दिवस, इतका तांदूळ: हिशेब समोर दिसला की डिकी पूर्ण रिकामी करायची वेळ सहसा येत नाही. बस आणि टॅक्सीला भन्सारखेरीज नेपाळच्या यातायात कार्यालयाचा परवानाही लागतो. ते काम चालकाचं असलं तरी तो मिळेपर्यंत दोन तास प्रवाशांना उन्हात उभं राहावं लागतं, तेव्हा सीमेवर सकाळी लवकर पोहोचण्याचा आग्रह प्रवाशांनीच धरावा. दुपारनंतर मालट्रकांची रांग गावाबाहेरपर्यंत जाते.

परतताना: इथेच लोक अडकतात

आता मेहुण्याची गोष्ट. विमानाने परदेशातून येणाऱ्याला ठरावीक रकमेपर्यंतचं नवं सामान जकातीशिवाय आणता येतं. जमिनीच्या सीमेवरून येणाऱ्याला भारतीय बॅगेज नियमांत ही सूट नाही. त्याला फक्त वापरलेल्या वैयक्तिक वस्तू विनाजकात आणता येतात. म्हणजे काठमांडूहून विमानाने आणलेलं जे जॅकेट बिनबोभाट सुटतं, तेच सोनौलीत नियमाने जकातपात्र ठरतं. प्रत्यक्षात दोन शाली, चार रुद्राक्षमाळा, एखादा पितळी दिवा यांच्यासाठी यात्रेकरूला कोणी अडवत नाही. पण तो अधिकाऱ्याचा समजूतदारपणा झाला, आपला हक्क नव्हे, आणि हा फरक डोक्यात ठेवूनच त्याच्याशी बोलावं.

तपासणी कशी होते ते बघा. बॅगा टेबलावर किंवा जमिनीवर ठेवायला सांगतात. ‘क्या लाए हैं?’ हा पहिला प्रश्न. ‘कुछ नहीं’ हे सगळ्यात वाईट उत्तर, कारण त्यानंतर चेन उघडली जाते आणि पहिल्याच थरात भैरहव्याच्या बाजारातलं ब्लँकेट प्लास्टिकच्या चौकोनी पिशवीसकट निघतं. त्याऐवजी सरळ सांगावं: ‘दो शॉल, एक जैकेट, थोड़ा प्रसाद, बिल है.’ बिलं वरच्या खिशात. अधिकारी बिल बघतो, जॅकेट उलटं करून लेबल वाचतो. चिनी बनावटीचे बूट, जॅकेटं, सौंदर्यप्रसाधनं, इलेक्ट्रॉनिक वस्तू नेपाळमार्गे चोरून आणण्याचा धंदा इथला जुनाच आहे, म्हणून त्याला लेबलात रस असतो. एक जॅकेट अंगात असेल तर प्रश्न मिटला. एकाच मापाची सहा असतील तर ‘सोसायटीतल्या मित्रांसाठी’ हे खरं असूनही ऐकलं जात नाही.

काही वस्तूंना हात लावूच नये. चिनी लसूण: भारतात २०१४पासून बंदी, आणि महाराजगंजच्या पट्ट्यात तो पकडणं हे नाक्यावरचं नेहमीचं काम आहे. ई-सिगारेट: २०१९च्या कायद्याने बंद. देवळांच्या आसपास कोणी कस्तुरी म्हणून काही पुढे केलं तर चार पावलं लांब व्हा. ती खोटी असेल तर पैसे गेले, खरी असेल तर कस्तुरीमृग दोन्ही देशांत संरक्षित असल्याने जामीन मिळण्याची काळजी. शहतूशची, म्हणजे चिरू या संरक्षित प्राण्याच्या लोकरीची शाल त्याच जातीतली. जुनी दिसणारी मूर्ती घ्यायची असेल तर दुकानदाराकडून नेपाळच्या पुरातत्त्व विभागाचं प्रमाणपत्र मागा. शंभर वर्षांहून जुनी वस्तू देशाबाहेर नेता येत नाही, आणि नवी मूर्ती मुद्दाम काळवंडवून जुनी भासवलेली असते, म्हणजे फसवणूकही तुमची आणि चौकशीही तुमचीच. मोठी धारदार खुकरी सीमेवर सुटली तरी पुढे रेल्वेत आणि विमानतळावर डोकेदुखी.

दारूची बाटली आणू नका, आणि रक्सौलमार्गे परतत असाल तर विचारही करू नका. तो नाका बिहारमध्ये आहे आणि बिहारमध्ये एप्रिल २०१६पासून संपूर्ण दारूबंदी आहे. तिथे प्रश्न जकातीचा राहत नाही, फौजदारीचा होतो. बाकी रक्सौलला आधुनिक एकात्मिक तपासणी नाका आहे, तिथलं काम सोनौलीपेक्षा शिस्तीत चालतं.

काही निघालंच तर

आवाज चढवू नका आणि मोबाइल काढून शूटिंग सुरू करू नका. अधिकारी वस्तू जकातपात्र आहे म्हणाला तर तीन वाटा असतात: जकात भरून पावती घेणं, वस्तू सोडून देणं, किंवा किंमत मान्य नसेल तर बिल दाखवून वरिष्ठांकडे दाद मागणं. रोख देऊन पावती न घेणं ही चौथी वाट लोक सर्रास घेतात. पुढच्या चौकीवर तीच वस्तू पुन्हा पकडली गेली की ती किती महाग पडते ते कळतं. वस्तू ठेवून घेतली तर त्याचा लेखी कागद मागा. जप्ती असेल तर पंचनामा होतो. त्यात न वाचता सही करू नका. मजकूर हिंदीत असतो, वेळ लागला तरी वाचा आणि वस्तूंची संख्या जुळते का पाहा.

अंगझडतीबाबत कस्टम कायदा, १९६२ स्पष्ट आहे. झडतीपूर्वी तुम्ही राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा दंडाधिकाऱ्यासमोर नेण्याची मागणी करू शकता, आणि स्त्रीची झडती स्त्रीनेच घ्यायची असते. बरोबरच्या काकू-मावशींना हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे त्या घाबरणार नाहीत आणि गैरप्रकार खपवूनही घेणार नाहीत. साध्या वेशातल्या माणसाने बॅग मागितली तर आधी ओळखपत्र दाखवायला सांगा, आणि तपासणी रस्त्याकडेला नको, कार्यालयात होऊ दे म्हणा.

तारखा ठरवताना

दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास नेपाळात दशैं आणि तिहार असतात. भारतात काम करणारे हजारो नेपाळी तेव्हा घरी परततात आणि त्यांच्या गाठोड्यांची तपासणी तासन्‌तास चालते. निवडणुका असल्या की मतदानाच्या आधी दोन-तीन दिवस सीमा बंद होते, मग निवडणूक नेपाळची असो वा सीमेलगतच्या आपल्या जिल्ह्यांची. सप्टेंबर २०२५च्या आंदोलनात नेपाळातली वाहतूक अचानक ठप्प झाली होती, तेव्हा गोरखपूरहून परतीचं रेल्वे आरक्षण सीमेवरून परतण्याच्या त्याच दिवसाचं काढू नये. घड्याळ नेपाळात पंधरा मिनिटं पुढे असतं, हेही हिशेबात धरा.

उरलेले नेपाळी रुपये भैरहव्यातच बदलून टाका. आणि बिलं, जकातीची पावती, गाडीचा भन्सारचा कागद हे सगळं कमान ओलांडल्यावर फाडून फेकू नका: नौतनवा ते गोरखपूर रस्त्यावर गाड्या पुन्हा थांबवतात, आणि तिथे मघाचे साहेब साक्षीला नसतात.